आधी गुडघे, पोट सगळ्यात शेवटी: मोठेपणी बेली डान्स शिकायला जाताना

एक्केचाळिसाव्या वर्षी मी बेली डान्सच्या क्लासला नाव घातलं तेव्हा घरात पहिला प्रश्न सासूबाईंचा होता, "कंबर हलवायला पैसे द्यायचे?" आणि दुसरा माझा स्वतःचाच, की हे पोट घेऊन तिथे जायचं कसं. दोन बाळंतपणं, बसून करायची नोकरी, आणि शाळेच्या गॅदरिंगनंतर नाच म्हणजे विसर्जनाची मिरवणूक नाहीतर कुणाच्या तरी लग्नाची वरात, बास. आता तीन वर्षं झाली. ओळखीतल्या चार-पाच जणी मधून मधून म्हणतात "मला पण यायचंय गं, पण..." तर त्या पण-च्या पुढचं जे काय आहे ते एकदाच लिहून टाकते.

आधी ते नाव जरा बाजूला ठेवा. बेली डान्समध्ये बेली सगळ्यात शेवटी येते. आम्ही पहिले तीन-चार महिने गुडघे, टाचा, चवडे आणि बरगड्या ह्याच्यापलीकडे गेलो नाही, कंबर हलत होती ती खाली गुडघा हलत होता म्हणून. पोटाच्या लाटा बिटा मला दुसऱ्या वर्षी यायला लागल्या आणि अजून धड येत नाहीत. हे नाव मुळात इजिप्तकडच्या बायकांनी दिलेलंच नाहीये, फ्रेंच लोक ह्याला पोटाचा नाच म्हणायचे आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कैरोचा अख्खा रस्ता उभा केला होता, त्यानंतर ते इंग्रजीतलं नाव अमेरिकेत घरोघरी झालं. अरबीत ह्याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच, आणि घरगुती, मातीतला जो आहे तो बलदी. इजिप्तमध्ये लग्नाकार्यात बायका-बायका एका खोलीत जमतात, एकीच्या कमरेला ओढणी बांधून तिला मध्ये ढकलतात, बाकीच्या टाळ्या वाजवतात आणि मग दुसरीची पाळी. हे कळलं तेव्हा मला थेट आमच्याकडची मंगळागौर दिसली. नाच गो घुमा म्हणताना कुणी कुणाचं पोट बघत नाही.

आता क्लास कसा निवडायचा. फोन करून "बेली डान्स शिकवता का" एवढंच विचारू नका, कुठली स्टाइल शिकवता ते विचारा. इजिप्शियन असेल तर हालचाल लहान, आतली, पाय जमिनीला धरून, गाण्याला चिकटून. टर्किश जास्त उसळती, उड्यांची, त्यात नऊ मात्रांचे ताल पण येतात. तिसरा प्रकार ट्रायबल, तो अमेरिकेत तयार झाला, सॅन फ्रान्सिस्कोला कॅरोलिना नेरिचिओ ह्यांनी १९८७ मध्ये आपला ग्रुप काढला, त्यात सगळ्या मिळून नाचतात आणि पुढची बाई खूण करेल तशी मागच्या स्टेप बदलतात, काहीच आधी बसवलेलं नसतं. गंमत म्हणजे त्यांच्या पोशाखात आपली चोळी आहे, नावासकट. नवीन माणसाने कुठूनही सुरुवात केली तरी चालते, पण टीचरला स्वतःला उत्तर देता आलं पाहिजे. "सगळंच मिक्स असतं मॅम" हे उत्तर आलं तर बहुतेक वेळा एक हिंदी गाणं बसवून त्याचं रील काढणार आहेत असं समजा. त्यात वाईट काही नाही, मजा येते, फक्त सहा महिन्यांनी तुम्हाला एक गाणं येत असेल आणि नाच येत नसेल.

दुसरा प्रश्न, नवीन लोकांची वेगळी बॅच आहे का? सगळ्यांना एकत्र कोंबलेल्या बॅचमध्ये तुम्ही पुढच्या मुलीची नक्कल करत राहता. माझा पहिला क्लास तसलाच होता, पहिल्याच दिवशी वॉर्म-अप म्हणून हात दोनदा गोल फिरवले आणि लगेच मागे वाकायला लावलं, वर फुल स्पीडमध्ये शिमी, म्हणजे कमरेची भराभर थरथर. तीन दिवस पाठ धरून बसले आणि दोन महिन्यांची आगाऊ भरलेली फी पाण्यात. म्हणून आता सांगते, आधी एक ट्रायल करा, आणि ट्रायलमध्ये बघा की टीचर तुमच्या गुडघ्यांकडे बघतेय का. चांगली टीचर पहिल्या दिवशी सारखी सारखी एकच गोष्ट सांगते, गुडघे सैल, गुडघे सैल. जी फक्त आरशात स्वतःकडे बघून नाचते तिच्याकडे परत जाऊ नका, कितीही सुंदर नाचत असली तरी.

पैसे भरायच्या आधी स्वतःच्या शरीराची पण चौकशी करा. स्लिप डिस्क, गुडघ्याचं दुखणं, पोटाचं ऑपरेशन, सिझेरियन, ह्यातलं काही असेल तर डॉक्टर किंवा फिजिओला विचारून जा आणि टीचरलाही सांगा. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले राहतात काही जणींचे, झोपून मान उचलली की मध्ये उंचवटा दिसतो, तसं असेल तर आधी फिजिओ, मग पोटाच्या हालचाली. आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही, शिमी करताना थेंबभर लघवी होते असं वाटलं तर लाजून क्लास सोडू नका, हे खूप जणींना होतं आणि त्याचे व्यायाम असतात, तेही फिजिओच शिकवतात.

वजनाचं पण सांगून टाकते. "बेली डान्स करा, पोट घालवा" अशा जाहिराती असतात, त्यावर जाऊ नका. घाम येतो, दम लागतो, चांगला व्यायाम होतो हे खरं, पण पोट हलवलं म्हणून पोटावरचीच चरबी वितळत नाही, शरीर असं जागा निवडून बारीक होत नसतं. माझं वजन तीन वर्षांत दोन किलो कमी झालं आणि एक परत आलं. पाठीचा कणा मात्र सरळ झाला, खुर्चीतून उठताना "आई गं" निघत नाही आता. आणि खरं सांगू, थोडं मांस असलं ना की शिमी जास्त छान दिसते, बारीक मुलींना तेवढ्यासाठी कमरेला बांधायचा नाण्यांचा स्कार्फ लागतो.

कपड्यांवर फार खर्च नको. लेगिंग, अंगाला बसणारा टीशर्ट, आणि ओढणी खुब्यांवर घट्ट बांधायची, कमरेवर नाही, खाली, जिथे हाड लागतं तिथे. पोट उघडं टाकायची काहीएक गरज नाही, इजिप्तमध्ये स्टेजवरच्या व्यावसायिक नर्तिकांनाही पोटावर निदान जाळी लावावी लागते असा तिथला नियम आहे. नाण्यांचा हिप स्कार्फ महिनाभराने घ्या, त्याचा खरा उपयोग कानांना आहे, दोन्ही बाजू सारख्या वाजतायत का ते कळतं. मोजे घालून टाइल्सवर नाचू नका, घसराल. योगा मॅटवर पण नको, मॅट पाय धरून ठेवते आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यात जातो. अनवाणी बरं. आणि क्लासच्या आधी दोन तास पोटभर काही खाऊ नका, मी एकदा मिसळ खाऊन गेले होते, त्या दिवसाबद्दल एवढंच पुरे.

आता क्लासमध्ये काय होतं ते. सगळ्यात आधी उभं राहायला शिकवतात, आणि हसू नका, त्यालाच महिना जातो. पाय खुब्यांएवढे लांब, समांतर. गुडघे किंचित वाकलेले, कुलूप नाही लावायचं. माकडहाड जमिनीकडे, म्हणजे मागे बाहेर काढायचं नाही आणि पुढेही ढकलायचं नाही. बरगड्या थोड्या वर, जशी कुणी तुमच्या छातीला दोरी लावून वर ओढलीय, आणि खांदे खाली. आपल्याला बायकांना पोक काढून चालायची इतकी सवय असते की हे नुसतं उभं राहणंच उद्धट वाटतं पहिल्यांदा.

मग हिप ड्रॉप. सगळं वजन डाव्या पायावर, उजवा पाय थोडा पुढे, चवडा टेकलेला, टाच वर. दोन्ही गुडघे वाकलेले. आता उजवा गुडघा हळूच सरळ करा, खुबा आपोआप वर जातो. गुडघा वाकवून सोडून द्या, खुबा पडतो. झालं, हाच हिप ड्रॉप. खुबा उचलायचा नाहीये, गुडघ्याने उचलून घ्यायचाय, हे मला कळायला पाच आठवडे लागले कारण मी कमरेच्या बाजूचं मांस आवळून खुबा वर ओढत होते आणि मग दोन मिनिटांत तिथे पेटके. दुसरी चूक म्हणजे वजन नकळत उजव्या पायावर जातं. तपासायचं कसं, मधेच उजवा पाय उचलून बघा, पडला नाहीत तर वजन बरोबर आहे. उजवी बाजू जमेल, डावी मेल्यासारखी वाटेल, सगळ्यांचं असंच असतं. डाव्या बाजूने सुरुवात करायची सवय लावा, नाहीतर ती कायम सावत्र राहते.

ट्विस्ट सोपा आहे. ताक घुसळताना रवी कशी जागच्या जागी इकडे तिकडे फिरते तशी कंबर कण्याभोवती फिरवायची, वरचं अंग शांत. माझ्या बॅचमधल्या कुणीच रवी फिरवली नव्हती पण आजीची बघितलेली होती, तेवढ्यावर भागलं. मग येतो आठ. टीचर म्हणाली आठ काढा कमरेने, आणि माझ्या शेजारच्या काकू खरंच आपला मराठी आठ काढायला लागल्या, कुठून वळायचं तेच त्यांना कळेना. इंग्रजी आठ, तो पण आडवा पडलेला. उजवा खुबा तिरका पुढे, तिथून बाहेरच्या बाहेर गोल फिरवत मागे, मधून पार होऊन डावा खुबा तिरका पुढे, परत गोल मागे. गुडघे पूर्ण वेळ वाकलेले, डोकं एका उंचीवर. डोक्यावर तांब्या आहे असं समजा.

शिमीवर जरा जास्त बोलते कारण सगळ्याजणी त्याच्यासाठीच येतात आणि तिथेच रडतात. शिमी म्हणजे जागच्या जागी चालणं, फक्त पाऊल न उचलता. एक गुडघा सरळ, दुसरा वाकलेला, मग बदल. सुरुवात ठाय लयीत करायची, एक... दोन... एक... दोन, कंटाळा येईपर्यंत, मग दुगुन, मग कधीतरी चौगुन. थेट चौगुनीत गेलात की मांड्या दगड होतात, श्वास अडकतो आणि जे थरथरतं ती शिमी नसते, ती थंडी असते. खरी शिमी सैल असते. मांड्या आणि मागचं मांस मोकळं सोडलं की ते स्वतःच डुलायला लागतं, आणि हे सोडणंच आपल्याला जमत नाही कारण जन्मभर ते आवळून धरायला सांगितलेलं असतं. मला ते जमलं ते क्लासमध्ये नाही, एका सकाळी कुकर लावला होता आणि मी ओट्याला धरून सहज करत होते, दुसऱ्या शिट्टीच्या सुमाराला काहीतरी सुटलं आणि सगळं अंग हलायला लागलं जेलीसारखं. मुलगी म्हणाली, "आई, तुला करंट लागलाय का?"

त्यावरूनच घरच्या सरावाचं. रविवारी दीड तास घाम गाळण्यापेक्षा आठवड्यात चार दिवस पंधरा मिनिटं कितीतरी बरी. आणि वेगळा वेळ काढायचा म्हटलं की तो निघत नाही, म्हणून कामाला बांधा. दात घासताना खुबे डावी-उजवीकडे सरकवायचे, चहा उकळेपर्यंत आठ, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत शिमी. छाती वेगळी हलवायला शिकायचंय तर खुर्चीत बसून करा, बसल्यावर खुबे अडकलेले असतात, फसवता येत नाही. बरगड्या उजवीकडे, मध्ये, डावीकडे, मध्ये. पहिले काही दिवस काहीच हलणार नाही, मग एक दिवस एक इंच हलेल. क्लास ऑनलाइन असेल तर मोबाइल टेबलावर नको, खुब्यांच्या उंचीला ठेवा आणि पावलं दिसली पाहिजेत, चेहरा नाही दिसला तरी चालतो, टीचरला तुमच्या चेहऱ्याचं काही काम नाहीये. आणि दुखणं दोन प्रकारचं असतं, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक, पण कमरेत किंवा गुडघ्यात टोचल्यासारखं झालं तर त्याच क्षणी थांबायचं.

ताल मात्र पहिल्या महिन्यापासून कानात घाला, हे बरेच क्लास शिकवत नाहीत. ह्या नाचाला जे तालवाद्य वाजवतात ते म्हणजे दरबुका, आणि इजिप्तमध्ये त्याला चक्क तबला म्हणतात, दिसायला आपल्या तबल्यासारखं अजिबात नाही, मांडीवर आडवं घ्यायचं. बोल दोन लक्षात ठेवा, मधला भरीव आवाज तो दुम आणि काठावरचा टणक तो तक. मकसूम नावाचा ताल सगळ्यात जास्त भेटतो, आठ घरं धरली तर दुम, तक, गप्प, तक, दुम, गप्प, तक, गप्प. एवढं बसमध्ये मांडीवर वाजवत राहा. सईदीमध्ये मधे दोन दुम लागोपाठ येतात: दुम, तक, गप्प, दुम, दुम, गप्प, तक, गप्प. हा दक्षिण इजिप्तचा ताल, तिकडे पुरुषांचा लाठीचा खेळ आहे तहतीब म्हणून, त्याच्यावरून बायकांनी काठी घेऊन नाचायचा प्रकार काढला. हे दोन ताल ओळखता आले की हिप ड्रॉप कुठे टाकायचा हे कुणी सांगावं लागत नाही, दुम आला की खुबा आपण होऊन पडतो. सरावाला हुसाम रमझी ह्या इजिप्तच्या तालवादकाचं वाजवणं लावा, त्यांनी नाचणाऱ्यांसाठी म्हणून खूप काम करून ठेवलंय. इजिप्तच्या गायिका उम्म कुल्सूम लगेच नको, त्या बाईंचं एक गाणं तासभर चालायचं आणि लय इतकी बदलते की नवीन माणूस मध्येच हरवतो. आणि कुठलंही अरबी गाणं निवडलंत तर त्याचा अर्थ आधी बघा. चाल छान वाटते म्हणून एखाद्या प्रार्थनेवर कंबर हलवून बसाल.

रील कमी बघा, जुनं बघा. १९२६ मध्ये बदिया मसाबनी ह्या बाईंनी कैरोत स्वतःचा क्लब काढला, तिथून सामिया गमाल आणि तहिया कारिओका पुढे आल्या, दोघींचे काळे-पांढरे सिनेमातले नाच बघायला मिळतात. सामियाचे हात बघा, तहियाचा आळस बघा, किती थोडं करते आणि तरी नजर हलत नाही. मग सोहेर झकी, मग फिफी अब्दू, फिफीची शिमी बघून मी आठवडाभर उदास होते. एका वेळेला एकच गोष्ट बघायची, एकदा नुसती पावलं, एकदा नुसते हात. पुरुषांनी पण यावं, तितो सैफ बघा आणि मग बोला. आणि हे सगळं बघताना लोक काय म्हणतील ते डोक्यात येतंच, लावणीकडे जसं बघतात तसंच तिकडे ह्या नाचाकडे बघतात, लग्नात नाचणारी हवी पण घरात सून म्हणून नको. १८३४ मध्ये तर इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता मुहम्मद अली ह्याने ह्या नाचणाऱ्या बायकांना, गवाझींना, कैरोबाहेरच काढलं होतं. सासूबाईंना मी हे सांगितलं, त्या म्हणाल्या, "आणि मग लग्नात कोण नाचत होतं?" तेव्हापासून त्यांचा विरोध थोडा मावळला.

सहा-आठ महिन्यांनी क्लासचा हफ्ला असतो. अरबीत हफ्ला म्हणजे पार्टी (आमच्या ह्यांना हप्ता ऐकू आलं आणि त्यांनी अजून किती भरायचेत म्हणून विचारलं). नाचायची सक्ती नसते, पहिल्या वेळी मी नुसती टाळ्या वाजवायला बसले आणि ते पण शिकणंच आहे, मकसूमवर दोन तास टाळ्या. नाचायचं असेल तर तीन मिनिटांचं गाणं घ्या, येतात त्याच चार स्टेप दोन्ही बाजूंनी करा, आणि जमिनीकडे बघू नका.

सागात, म्हणजे बोटांतल्या छोट्या पितळी झांजा, एकदम शेवटी घ्या, निदान वर्षभराने. दोन हातांच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात इलॅस्टिकने एक-एक अडकवायची, चार झाल्या. पहिले दोन महिने जागेवर बसून, मग चालताना, मग नाचताना, कारण हात सुरू झाले की पाय थांबतात आणि पाय सुरू झाले की हात. त्यांचा आवाज भिंतीतून जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन आठवडे रोज संध्याकाळी सात वाजता वाजवत होते, तर खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "रोज आरती करता गं तुम्ही, किती छान, प्रसादाला बोलवत जा की." मी हो म्हटलं. आता दर मंगळवारी शिरा करावा लागतो.